लहान झाला की आणून दे

खामगावात मे महिन्याच्या दुपारी कुत्रीसुद्धा नालीच्या ओलाव्यात जाऊन पडतात. आमची घरमालकीण खाला त्याच दिवसांत लोकर विणायची. कूलरसमोर बादली, बादलीत घोट्यापर्यंत पाय, मांडीवर धुतलेला कोरडा पंचा आणि पंच्यावर विणकाम. घामाचा हात लागला की वीण आवळते, असं तिचं म्हणणं. म्हणून शेजारी टाल्कम पावडरचा डबा ठेवलेला असे. दर चार ओळींनी ती हातांना पावडर चोळायची. नवखा माणूस दारात आला, तर त्याला वाटावं ही बाई कॅरम खेळायला बसलीय आणि समोरच्या गड्याची वाट पाहतेय.

"खाला, एवढ्या उन्हात स्वेटर?" असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं.

"मंग का थंडी पडल्यावर विनू? थंडी का थांबते माह्यासाठी?"

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्यानं राहिलो. मी मूळची वडनेर भोलजीची. खामगावच्या शाळेत नोकरी लागली, नवरा जिनिंगमध्ये फिटर, म्हणून घर शोधत फिरत होतो. आमचं आडनाव ऐकल्यावर एका घरमालकाला पुतण्याचं लग्न आठवलं, दुसऱ्याच्या घराला अचानक रंग द्यायचा निघाला. तिसरं घर खालाचं. तिनं आडनाव विचारलंच नाही. विणता विणता, मान वर न करता म्हणाली, "मांजर हाय काय?"

"नाही."

"पायनार काय?"

"नाही."

"मंग या. मांजर नाही पाह्यजे मले. लोकरीचा सत्यानाश करते."

मांजर नसल्याच्या गुणावर आम्हाला घर मिळालं. गल्लीतले लहानथोर तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणायचे. तोंडावर 'तुम्ही', पाठीमागे 'ती'. मीही त्यातलीच झाले. ती मात्र मला कायम 'मॅडम' म्हणाली. रागावली की 'मॅडमबाई'.

तिची हत्यारं मोजकी होती. पोलादी सुयांच्या दोन जोड्या, आणि मोजे विणायला सायकलच्या चाकाच्या पाच तारा. तिच्या नवऱ्यानं त्या दगडावर घासून दोन्ही टोकांना गुळगुळीत करून दिल्या होत्या. बोटाला टोचत नसत, पण टाक्यात शिरायला क्षणही लावत नसत. बाजारात मोज्यांच्या तयार सुया मिळतात, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या आठवड्यात पुन्हा सल्ला दिला नाही.

कात्री मात्र त्या घरात नव्हती. भाजी विळीवर, धागा दातानं. शेजारची कुणी कात्री घेऊन आली तरी खाला तिला ती उंबऱ्याबाहेर ठेवायला लावी.

"घरात कात्री असली का मानूस कापते," ती म्हणायची. "नसली का बसून सोडोते."

आणि सोडवायला ती खरंच तयार असायची. गुंता झालेली लोकर घेऊन शुक्रवारची अख्खी दुपार बसलेली मी तिला पाहिली आहे. ओढायची नाही, चिडायची नाही. माझ्याच्यानं ते होत नसे. मी तिच्याकडे विणकाम शिकायला बसले आणि दोन हिवाळ्यांत एक मफलर विणला, तोही एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. तिनं तो हातात घेऊन दोन्ही टोकं पाहिली आणि निकाल दिला. "तुह्या हातात घाई हाय, मॅडम. लोकरीले घाई समजत नाही."

स्वेटर ती नेहमी गळ्यापासून सुरू करून खाली विणायची. बाकीच्या बायका खालच्या पट्टीपासून वर जात. याचं कारणही तिच्यापाशी तयार. "लेकरू खालून वाढते. वरून वाढते काय?" आणि ते खरंच होतं. मूल उंच झालं की ती खालची पट्टी उसवून दोन बोटं विणून वाढवून द्यायची. वेण्यांची नक्षी तिला आवडत नसे. शिक्षक कॉलनीतल्या एका बाईंनी मासिकातला वेणीचा नमुना आणून दाखवला तेव्हा म्हणाली, "वेनी डोक्यावर बरी." नक्षी लोकर खाते आणि उसवताना त्रास देते, ही तिची तक्रार. ती जे काही विणायची ते पुढे कधीतरी उसवायचं आहे, हे धरूनच विणायची.

मोज्याचं माप ती पायाचं घेत नसे. मुलाला मूठ आवळायला सांगायची आणि मोजा मुठीभोवती गुंडाळून पाहायची. मुठीभोवती बरोबर बसला की पायाला बसतोच. मी हे शाळेत मुलांकडून करून घेतलं. खरं निघालं. त्या दिवशी चौथीचा वर्ग पूर्ण तासभर मोजे काढून बसला होता आणि मुख्याध्यापक नेमके तेव्हाच फेरीला आले.

बाजारातल्या लोकरीच्या दुकानदाराला तिचा धाक होता. ती कनवटीला काड्यापेटी लावून जायची. लोकर दाखवली की एक धागा तोडायचा, काडी ओढायची आणि धागा पेटवायचा. खरी लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नकली असली तर वितळते आणि तिची टणक काळी गोळी होते. ती गोळी खाला दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवायची.

"हे प्लास्टिक तुह्या लेकराले घाल."

"खाला, आजकाल सारे हेच घालतात हो."

"सारे घालते म्हनून ते लोकर होते काय बे?"

एकदा मी सोबत होते. तिला गल्लीच्या तोंडाशी पाहून त्यानं शटर अर्धं खाली ओढलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दोन धागे जोडताना ती गाठ मारत नसे. गाठ म्हणजे तिच्या लेखी पाप. दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवायची, त्यांवर थुंकी लावायची आणि तळहातांत घेऊन हात गरम होईपर्यंत चोळायची. तळहात उघडला की जोड कुठे आहे ते तिलाही दाखवता येत नसे. मी स्वच्छतेचा धडा शिकवणारी बाई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड फिरवलं. "पाणी लावा की खाला." तर म्हणाली, "पानी लावून पाह्यलं. पन मले पान्यापेक्षा माह्या तोंडाचा भरोसा जास्त हाय." खरी लोकर ओल, ऊब आणि घासणं मिळालं की स्वतःला स्वतःशी जोडून घेते. हे शास्त्र मला तेव्हा नीट कळायला हवं होतं. कळलं नाही.

आता ती अकोल्याला लेकीकडे असते. बोटं वाकत नाहीत, डोळ्यांत थेंब घालावे लागतात. मी गेल्या दिवाळीत भेटून आले. माझ्या अंगातल्या दुकानी स्वेटरची बाही तिनं चिमटीत धरली, चोळली आणि काही न बोलता सोडून दिली. अपमान करायची तिची जुनी पद्धत शाबूत आहे हे पाहून मला बरं वाटलं.

तर गोष्ट तिच्याकडच्या एका हिरव्या लोकरीची.

तिचा नवरा ट्रक चालवायचा. खामगावहून रुईच्या गाठी लुधियान्याला न्यायच्या आणि येताना मिळेल तो माल भरायचा. एका खेपेला तो स्वतःच्या सीटशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या लोकरीच्या आठ लड्या घेऊन आला. तिनं त्याच लोकरीचा त्याला स्वेटर विणून दिला. तो त्यानं दोन हिवाळे घातला. मग ताप आला आणि उतरलाच नाही. मुलगी नसीम तेव्हा दोन वर्षांची होती.

हे सगळं खालानं मला लडीचा गुंडा करता करता सांगितलं, आज भाजी काय केली हे सांगावं तशा आवाजात. लडी माझ्या दोन्ही हातांत अडकवलेली होती, त्यामुळे मला डोळे पुसता येईनात.

"चाळिसावा दिवस झाला अन् मी त्याचा स्वेटर उसोला."

"कसा हात धजला खाला तुमचा?"

"मंग पेटीत ठेवू? पेटीत कसर लागते. किडा खाऊन टाकते सारं. अंगावर राह्यली तर लोकर टिकते."

त्या लोकरीचा नसीमचा फ्रॉक झाला. फ्रॉक लहान झाला तेव्हा तो उसवून मोठा केला. नसीमची हौस फिटल्यावर ती लोकर गल्लीत फिरू लागली. शिंप्याच्या घरची दोन मुलं, शाळेच्या शिपायाची मुलगी, समोरच्यांची नात. स्वेटर देताना खाला एकच वाक्य बोलायची, "लहान झाला की आनून दे." गल्लीत ते वाक्य पाठ नसलेलं घर नव्हतं. आणि लोक आणून देत. मग ती स्वेटर उसवायची. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी व्हायची. तिच्या लड्या करून रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायच्या आणि खाली तांब्या टांगून सावलीत वाळवायच्या. धागा सरळ झाला की पुढच्या मुलाचा गळा सुरू.

माझ्या मुलीपर्यंत तो स्वेटर आला तेव्हा त्या लोकरीची ती सहावी पाळी होती की सातवी, हे खालालाही सांगता आलं नाही. ती बोटांवर मोजायला लागायची, मध्येच कुणाची तरी आठवण निघायची आणि मोजणी राहून जायची.

नसीमचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, नातेवाइकांचं बोलणं झालं. खालानं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त एका वर्षी तिनं लहान बाळांचे मोजे विणणं बंद केलं. आणि मग दिवाळीच्या सुमाराला नसीमचा फोन आला. सातवा महिना लागला होता. इतके दिवस भीतीनं तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता, मी जिन्यात होते, म्हणून मला ते ऐकू आलं. "अम्मी, मेरे बच्चे को अब्बू की ऊन का स्वेटर बनाना." नसीमला बाप आठवत नाही. तिच्याकडे त्याचा एक फोटो आहे आणि ही लोकर.

गुडघ्यांमुळे खाला वर कधी चढत नसे. त्या दिवशी चढली. दारात उभी राहून धापा टाकत म्हणाली, "मॅडम, हिरवा लहान झाला असन नं आता?"

झाला होता. मुलीची मनगटं बाहेर दिसत होती.

"देते खाला, रविवारी धुऊन देते."

"धू नको. जसा हाय तसाच दे. मी पाह्यतो त्याचं."

हे तिनं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्याकडे कुठलीही सबब नाही. पण मुलीला नुकत्याच कांजिण्या येऊन गेल्या होत्या आणि तापात तिच्या अंगात तोच स्वेटर होता. अकरा वर्षांनी येणाऱ्या बाळासाठी असा स्वेटर तसाच कसा द्यायचा? मला तो स्वच्छ द्यायचा होता, नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ. वडनेरला माझी आई कपडे हंड्यात सोडा घालून उकळायची, मग दगडावर धोपाटण्यानं बडवायची. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. कापूस उकळला की उजळतो, यापलीकडे कपड्याचं काही शास्त्र असतं हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी स्वेटर अर्धा तास उकळला. मनापासून बडवला. पुन्हा गरम पाण्यातून काढला.

बाहेर आला तो बाहुलीचा असावा एवढा. जाड, चपलेच्या तळासारखा. टाका दिसेना. उलट बाजू, सुलट बाजू, दोन्ही एकच. काखेजवळ लपवलेलं धाग्याचं टोक मी सुईनं शोधून काढलं आणि ओढलं. ते दोन बोटं आलं आणि तुटलं.

आठवडाभर मी जिना चोरासारखा उतरत होते. खालून हाक यायची, "मॅडम, काढून ठेवला काय?" मी म्हणायचे, शोधते आहे. चार वर्षांची मुलगी आणि दोन खोल्यांचं घर, त्यात स्वेटर कुठे हरवतो? शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी दुकानं पालथी घातली. खामगावात तो रंग नव्हता. शेगावला गेले. तिथे एका दुकानात बाटलीहिरवा मिळाला. इतका तंतोतंत की मला हायसं वाटलं. मनात सगळं रचून झालं होतं. 'खाला, तुमचे डोळे दुखतात म्हणून मीच उसवून, धुऊन आणली' असं सांगायचं आणि गुंडा हातात द्यायचा. झालं.

घरी आले. ओट्याजवळ उभी राहिले, एक धागा तोडला आणि काडी ओढली. धागा वितळला. ओट्यावर काळी गोळी पडली. मी ती नखानं दाबून पाहिली. फुटली नाही. बाळाच्या अंगात नसीमच्या बापाची लोकर म्हणून मी हे घालणार होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

तो आटलेला स्वेटर घेऊन मी खाली गेले आणि खालाच्या मांडीवर ठेवला. शाळेत कमावलेली भाषा गळून पडली. "खाला, माह्या हातून नासलं सारं. तुम्ही नाई म्हनलं तरी मी उकयला. अन् दुसरी लोकर आनून तुम्हाले फसोनार होती."

तिनं तो उलटा केला, सुलटा केला. नाकाला लावला. गळ्याची कड दोन्ही हातांनी ताणून पाहिली.

"किती येळ उकयला?"

"अर्धा तास."

"धोपाटलाबी?"

"हाव."

"सोडा?"

मी मान डोलावली. तिनं स्वेटर पंच्यात गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "जा तू आता वर. मले बसू दे."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे ती विणेना. सुयांचा आवाज घरात इतका मुरलेला होता की तो थांबल्यावर माझी मुलगी म्हणाली, "आई, खालाचं घड्याळ बंद पडलं." नवरा म्हणाला, आपण दुसरं घर पाहू. मीही मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाक आली.

"मॅडमबाई! कात्री आन."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा हाक आली. मुलांच्या हस्तकलेसाठी घेतलेली माझी कात्री मी घेऊन गेले आणि सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबले.

"आत आन. उभी काऊन राह्यली?"

तो इवला जाड स्वेटर तिच्यापुढे पसरला होता. ती म्हणाली, "मी सारी उमर दोन टोकं घेऊन, थुंकी लावून, चोयून हेच करत आली नं? एक एक जोड. तू सारा स्वेटरच जोडून टाकला. आता याले टोकच नाही राह्यलं." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "त्याची लोकर खरी होती म्हनून जुडली. प्लास्टिक असतं तर नसतं जुडलं."

तिनं कात्री घेतली. त्या वयात पहिल्यांदा ती विणलेल्या वस्तूवर कात्री चालवत होती. एरवी विणकाम कापलं की टाके भराभर सुटत जातात, जिन्यावरून घरंगळावं तसे. तिनं छातीचा भाग सरळ कापला. एकही टाका सुटला नाही. कड जशीच्या तशी. खालानं त्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तेव्हा कुठे ती रडली. मीही रडले. दोघींच्या मध्ये ती कात्री पडलेली होती.

त्या तुकड्यांचे तिनं दोन बूट केले, बाळाच्या मुठीच्या अंदाजानं. लिंबाएवढा हिरवा गुंडा तिनं डागडुजीसाठी डब्यात ठेवलेला होता, त्याच धाग्यानं शिवले. एक बाही उरली. ती माझ्या हातात कोंबून म्हणाली, "हे तू ठेव. गरम पान्याची तुले लय हौस." चहाचं पातेलं मी अजून त्या बाहीनंच उतरवते. चटका बसत नाही.

नसीम बाळंतपणाला आईकडेच आली होती. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर खालानं ते बूट बाळाच्या पायांत घातले. नसीमला हकीकत आधीच सांगून टाकलेली होती, माझ्या देखत, माझ्या चुकीसकट. नसीमनं बुटावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मग हसून, आईचंच वाक्य आईला म्हणून दाखवलं. "छोटे हुए की लाके देना, है ना अम्मी?"

"नको," खाला म्हणाली. "याचं आता दुसरं काही होत नाही. हे ठेव तू."

"कहाँ रखूँ?"

"पेटीत ठेव."

नसीम तिच्याकडे पाहतच राहिली. त्या घरात लहानाची मोठी झालेली ती. "और कसर लग गई तो?"

खालानं बाळाच्या पायावरचा बूट जरा वर ओढला.

"लागू दे," ती म्हणाली.